नावाला शिकाऊ

आयटीआयमध्ये दोन वर्षे कानस घासून फिटर झालेला मुलगा चाकण-भोसरीच्या कारखान्यात रुजू होतो तो ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून. काम मात्र पुरेपूर: बेअरिंग बदलायचे, शाफ्टची अलाइनमेंट जुळवायची, ऑइल सील गळले की मशीनखाली शिरायचे, तेही रात्रपाळीत. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्याला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. मग एक बॅच गेली की दुसरी येते.

विद्यावेतनाचे गणित तर आणखी विचित्र. पूर्वी ते अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या ७०, ८०, ९० टक्के असे वर्षागणिक चढत असे आणि किमान वेतनाबरोबर आपोआप वाढे. २०१९ च्या नियमदुरुस्तीने हा सांधा तोडून ठोक आकडा आणला: आयटीआय प्रमाणपत्रधारकाला पहिल्या वर्षी किमान ७,००० रुपये. त्यात कॉटचे भाडे आणि मेस भागली तरी पुष्कळ! कुशल माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या उद्योगांनी हा आकडा किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे, हे वाचलेले दिसत नाही. सरकारने टक्केवारीची जुनी पद्धत परत आणावी, आणि या वेळी ती कुशल कामगाराच्या वेतनाशी बांधावी.