बारसे सरांचा चेंडू आणि आमच्या पोरांवरील केसेस

पोलीस भरतीचे दिवस आले की कळंब कोर्टाच्या आवारात वस्तीतील पोरे आम्हाला शोधत येतात. पोरगा धावण्यात पुढे, गोळाफेकीत चांगला, लेखीतही पास. अडते ते चारित्र्य पडताळणीत. कधीतरी मोर्चात गेला, कलम १४३, १४७ लागले, नाव आरोपपत्रात आले आणि मोर्चा ज्यांनी काढला ते पुढारी विसरून गेले. आई पदर सावरीत विचारते, "साहेब, आता याचं काय?"

अशा वेळी आम्हाला नागपूरचे विजय बारसे सर आठवतात.

बारसे सर हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. या शतकाच्या सुरुवातीस एका पावसाळी दिवशी त्यांनी झोपडपट्टीतील पोरे फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिली. सरांनी त्यांना चेंडू दिला. पोरे जेवढा वेळ मैदानावर असतात तेवढा वेळ दारू, जुगार, मारामारी यांपासून लांब राहतात, एवढी साधी गोष्ट त्यांनी हेरली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. निवृत्तीनंतर हाती आलेला पैसा सरांनी बंगल्यात न घालता या पोरांसाठी जागा घेण्यात घातला. मुलगा अभिजित अमेरिका सोडून याच कामासाठी परतला. २०१६ साली फिफाने या संस्थेला विविधता पुरस्कार दिला.

अमेरिकेत व्हिन्स लोम्बार्डी नावाचे प्रशिक्षक होऊन गेले. तिकडचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन पळायचा. ते इतके जिंकले की तिथल्या सर्वात मोठ्या चषकालाच त्यांचे नाव आहे. बारसे सरांचा हिशेब चषकांत होत नाही. मैदानावर आलेल्या पोराला त्यांनी आधी चारित्र्याचा दाखला मागितला नाही, हे आम्हाला त्यांचे सर्वात मोठे काम वाटते. अखिलेश पॉल हा गुन्हेगारीत अडकलेला तरुण याच मैदानावर घडला आणि २०१० साली रिओ दि जानेरोला बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार म्हणून उतरला.

२०२२ साली नागराज मंजुळे यांनी सरांवर 'झुंड' काढला. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडून उभे राहिले म्हणून आपण हरखून गेलो. हरखायला आमची हरकत नाही, एवढ्या वर्षांत हिंदी पडद्यावर बाबासाहेब दिसलेच किती! परंतु त्याच चित्रपटात पासपोर्टसाठी झालेली पोरांची फरफट आपल्यापैकी किती जणांनी डोळे उघडे ठेवून पाहिली? ती आपल्याच घरची गोष्ट आहे. पारपत्र कायदा १९६७, कलम ६ (२) (एफ) प्रमाणे फौजदारी खटला प्रलंबित असलेल्यास पासपोर्ट नाकारता येतो. पण केंद्र सरकारच्या १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिल्यास वाट मोकळी होते. म्हणजे दार कायमचे बंद नसते. ते ठोठावणारा वकील लागतो आणि त्याची फी भरणारा कोणीतरी लागतो.

भरतीचेही तसेच आहे. पोरे भीतीपोटी फॉर्ममध्ये केस लपवतात आणि तिथेच फसतात. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे की उमेदवाराने माहिती खरी दिली पाहिजे, आणि किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्याला ते पोटात घालता येते. तेव्हा बाबांनो, केस लिहा, लपवू नका! सामाजिक आंदोलनातील खटले मागे घेण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. सरकारी वकिलाने न्यायालयाच्या संमतीने ती वापरायची असते, परंतु पाठपुरावा केल्याशिवाय फाईल जागची हलत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आम्ही हे जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीत मांडले. डीजेच्या पैशातून थोडे बाजूला काढा, वस्तीला चार चेंडू आणि एक जाळी घ्या, उरलेले पोरांच्या केसेसच्या खर्चाला ठेवा. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "वकीलसाहेब, चेंडूनं काय क्रांती होते?" आम्ही त्यांना विचारले, मोर्चाला पोरे तुम्हीच नेली होती ना? त्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्यांनीच खिशातून पाचशे रुपये काढून टेबलावर ठेवले.

तालुक्यातील आपल्या वकीलबंधूंना आमची विनंती आहे की आंदोलनात नावे आलेल्या पोरांची गाववार यादी करूया. फी घेणार नाही. ज्यांच्यावर केस आहे त्यांनी रविवारी सकाळी बुद्धविहारात यावे. येताना आरोपपत्राची झेरॉक्स आणावी, आणि सोबत धाकट्या भावालाही आणावे, त्याच्यासाठी चेंडू आणून ठेवला आहे.