एका दिवसाचं लिस्बन

परवा म्हापशाच्या बाजारात आमच्या वाड्यावरचे एक काका भेटले. नुकतेच युरोपचा दौरा करून आले होते. "बारा दिवसांत नऊ देश पाहिले रे बाबा," म्हणाले. "आवडलं काय सगळ्यात जास्त?" म्हणून विचारलं, तर जरा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "बस बरी होती." मला हसू आलं. पण घरी येताना वाटलं, काकांनी खरं तेच सांगितलं. बारा दिवस ते बसमध्येच तर होते.

मला कुणी विचारलं तर मी सांगतो, नऊ देश राहू द्या. एक शहर निवडा आणि एक दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, त्यात चाला. आणि तुम्ही गोमंतकीय असाल तर ते शहर लिस्बन असू द्या.

लिस्बनच का? कारण या शहरावरून आपल्याकडे अजून भांडणं होतात. काहींना लिस्बन म्हणजे आजीचं माहेर वाटतं, तर काहींच्या कपाळावर नुसतं नाव ऐकून आठी चढते. दोन्हीकडच्या बहुतेकांनी ते शहर पाहिलेलं नसतं. ज्यांनी पाहिलेलं असतं, त्यांना बसने थेट बेलेंला नेलेलं असतं. जेरोनिमुश मठ, वास्को द गामाची कबर, नदीकाठचा मनोरा, फोटो, कस्टर्डची गोड टार्ट, चला परत. बेलेंमध्ये लिस्बन तुम्हाला स्वतःबद्दल जे सांगायचं आहे ते सांगतं. जे सांगायला जीभ जड होते, ते गावात चालल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझा एकच सल्ला: बेलें शेवटी ठेवा.

मी सकाळी सातला रोसियु चौकातून निघालो. पायाखाली काळ्यापांढऱ्या दगडांची लाटांसारखी फरसबंदी. चुनखडीचे आणि बेसॉल्टचे हे तुकडे हाताने बसवलेले असतात. दिसायला सुंदर, पण पाऊस पडला की निसरडे. रबरी तळव्याचे बूट घाला. चौकाच्या उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, १८४६ सालचं. नाट्यगृहाच्या आधी त्याच जागेवर लिस्बनच्या इन्क्विझिशनचा वाडा होता. जुन्या गोव्यात १५६० साली जे न्यायासन मांडलं गेलं, त्याचा हा थोरला भाऊ.

त्याच्या बाजूलाच सांव दोमिंगुशचं चर्च. एप्रिल १५०६ मध्ये याच चर्चपासून एक दंगल पेटली आणि जमावाने शहरातल्या 'नव्या ख्रिस्तींची', म्हणजे काही वर्षांपूर्वी सक्तीने बाटवलेल्या ज्यूंची कत्तल केली. चर्चसमोर २००८ साली बसवलेलं त्याचं स्मारक आहे. साल लक्षात घ्या. आल्बुकर्कने गोवा घेतला १५१० साली. त्याच्या चार वर्षं आधी हे सगळं त्यांच्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या शेजाऱ्यांवर झालं होतं. चर्चलाही १९५९ साली आग लागली होती. दुरुस्ती करताना आतले जळके खांब तसेच ठेवले आहेत. तिथे पाच मिनिटं बसलो. कुणाला शिव्याही द्याव्याशा वाटल्या नाहीत आणि कुणाला मिठी मारावी असंही वाटलं नाही.

तिथून पाच मिनिटांवर मार्तिं मोनिझ चौक आणि बेंफोर्मोझु नावाची गल्ली. फोडणीचा वास, भाजीवाले, मोबाईलची दुकानं, सगळी माणसं आपल्या उपखंडातली. याच गल्लीत १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी अनेकांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं आणि त्यांची झडती घेतली. त्यावर पोर्तुगालमध्येच मोठं वादळ उठलं. १९ डिसेंबर! तारखेचा तो योगायोगच, पण गोमंतकीयाच्या डोळ्यांना ती तारीख टोचल्याशिवाय राहत नाही.

पुढे चढ सुरू होतो. हे सात टेकड्यांचं शहर आहे असं म्हणतात. माझ्या पोटऱ्यांच्या मते टेकड्या जास्त असाव्यात. चालता चालता पाट्या वाचायचा मला नाद आहे. बेकरीवर 'पादारिया' वाचलं आणि आपला सकाळचा पदेर आठवला. किल्ल्या करून देणाऱ्याच्या पाटीवर 'शाव्हिश', म्हणजे आपली चावी. खिडकीला इथेही 'जनेल'च म्हणतात. आल्फामाच्या वाकड्यातिकड्या पायऱ्यांवर मला काही वेळ घरच्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. भूकंपातून त्यातल्या त्यात वाचलेला हा जुना भाग. पण तिथेही दर दोन दारांआड चाकांच्या बॅगा दगडांवरून खडखडत होत्या. घरं पाहुण्यांना भाड्याने गेली आहेत, मूळची माणसं दूर उपनगरात. आमच्या फोंतेन्यासमध्ये फोटो काढणाऱ्यांना कंटाळून घरांवर पाट्या लागल्या, त्याची आठवण झाली.

उतरताना सेच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, शेजारी एक साधी इमारत लागते. आल्जुब. सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. कोठड्या अशा की माणूस आडवा जेमतेम मावेल. आपला 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला असं कोशकार सांगतात. तो शब्द मराठीत आहे म्हणून मी कधी थांबलो नव्हतो. त्या कोठडीपाशी थांबलो. आत राहिलेले बहुतेक सगळे पोर्तुगीजच होते. 'पोर्तुगीजांनी आपल्याला छळलं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. पण छळणारे पोर्तुगीज आणि छळले गेलेले पोर्तुगीज अशी दोन माणसं त्या एका शब्दात आहेत, हे मला त्या दिवशी दिसलं.

दुपारी बायशा, म्हणजे सखल भागातलं गाव. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस. सकाळी भूकंप झाला, मग समुद्राची लाट आली, मग आग. नदीकाठचा राजवाडा गेला आणि भारताच्या व्यापाराचा कारभार पाहणारं 'काझा दा इंडिया'ही गेलं. मार्क्विस पोंबालने गाव नव्याने आखलं. सरळ रस्ते, भिंतींच्या पोटात लाकडाचे पिंजरे, म्हणजे पुन्हा हादरलं तरी घर तग धरील. सोनारांचा रस्ता, चांदीकामाचा रस्ता, चांभारांचा रस्ता, अशी नावं अजून आहेत. याच पोंबालने १७७४ साली गोव्यातलं इन्क्विझिशन बंद केलं होतं. चार वर्षांत ते पुन्हा सुरू झालं.

मग पुन्हा चढ, कार्मु चौकापर्यंत. मठाच्या नुसत्या कमानी उभ्या, वर आभाळ. भूकंपाने नेलेलं छप्पर पुन्हा घातलेलं नाही. या चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ रोजी पंतप्रधान मार्सेलु कायतानु शरण आला आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली. ही हकीकत आपलीसुद्धा आहे. आपण मुक्त झालो १९६१ साली, पण पोर्तुगालने ते मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. कार्मु चौकातला तो दिवस आला नसता तर ती सही कधी झाली असती कोण जाणे.

जवळच एका रस्त्यावर गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं. त्याच दिवशी तिथून गर्दीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार जण मेले. भिंतीवर त्याची पाटी आहे. इमारतीत आता महागडे फ्लॅट आहेत.

उतरत उतरत काइश दु सोद्रे स्टेशनावर आलो. इथून नदीकाठाने गाड्या सुटतात. थांब्यांच्या यादीत एक नाव वाचलं, काशियश, आणि पाय जागीच थबकले. सांगलीहून मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मोहन रानडे १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले आणि पुढे याच काशियशच्या किल्ल्यात कोंडले गेले. गोवा मुक्त झाला तेव्हा ते तुरुंगात होते. सुधीर फडक्यांसारख्यांनी खटपट केली आणि ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मुक्तीनंतर सात वर्षांनी! आपण दरवर्षी तिरंगा फडकवत होतो आणि एक माणूस इथे, या लोकल गाडीच्या एका थांब्यावर, बंद होता. त्याच्याही आधी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. बसच्या खिडकीतून ती थांब्यांची यादी मला दिसली नसती.

गाडी घेतली नाही. नदीच्या कडेने सहा-सात किलोमीटर चालत बेलेंला गेलो. वाटेत लाल झुलता पूल लागतो. १९६६ साली बांधला तेव्हा त्याचं नाव सालाझार होतं, आता '२५ एप्रिल' आहे. पोचलो तेव्हा मठाचं दार बंद झालं होतं. काही बिघडलं नाही. नदीकाठी दर्यावर्द्यांचं ते प्रचंड स्मारक उभं होतं, ५२ मीटर उंच. गामा, आल्बुकर्क, झेवियर, सगळे दगडात रांगेने उभे. फार प्राचीन वाटतं ना? दगडातलं बांधकाम १९६० सालचं आहे. सालाझारने ते उभं केलं आणि पुढच्याच वर्षी गोवा हातचा गेला. सकाळी बसमधून उतरून पाहिलं असतं तर मान वर करून 'वा!' म्हटलं असतं. दिवसभर चालून आल्यावर ते मला एका घाबरलेल्या राजवटीने मारलेली मोठी हाक वाटलं.

कुणी म्हणेल, एका दिवसात शहर कळतं काय? नाही कळत. फादो ऐकायचा राहिला, संग्रहालयं राहिली, किल्ला राहिला. कुणी म्हणेल, आमचे गुडघे दुखतात. मग अर्धंच चाला, बाकीचं ट्राममधून पाहा. रोसियु ते कार्मु एवढं केलंत तरी पुरे. पण ज्या शहरावरून आपण घरात साठ वर्षं भांडतोय, ते निदान एकदा आपल्या पायांखालून जाऊ द्या. मी परत आलो तो पोर्तुगीजांच्या प्रेमात पडून नाही आणि राग दुप्पट करूनही नाही. भांडायचंच झालं तर आता नेमकं कोणाशी, एवढं मात्र कळलं.

आणि लिस्बन लांब आहे, खर्चाचंही आहे. पणजी तर जवळ आहे. मळ्यातून निघा, फोंतेन्यास, ३१ जानेवारी रस्ता, मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या अझुलेजु फरशा, आझाद मैदान. ही वाट आपल्यापैकी किती जणांनी एका दमात पायी केली आहे? ३१ जानेवारी ही तारीख कसली, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? १८९१ साली पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या उठावाची ती तारीख.

काकांना म्हटलं, येत्या रविवारी सकाळी सातला पणजीत या, आपण चालू. काकांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

"बस ना मरे?"