डोळ्यांखालचे खड्डे आणि आलेली स्थळे

आरे कॉलनी म्हटले की लोकांना दूध आठवते. शहरातले तबेले बाहेर हलवून १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. आजही इथे पत्ता युनिटच्या नंबरावरून सांगतात आणि म्हशींची धार काढायला माणसे भल्या पहाटे उठतात. पण टेकडीच्या पलीकडे चित्रनगरी आहे, आणि तिथले गुळगुळीत चेहरे आता इथल्या प्रत्येक हातातल्या मोबाइलवर आहेत. त्यामुळे पालक सभेत आम्हांला हल्ली अभ्यासाबाहेरचे प्रश्नही विचारले जातात.

गेल्या सभेनंतर एक आई थांबल्या. त्यांची थोरली मुलगी आमच्याच शाळेतून शिकून गेलेली. "बाजी, दोन स्थळे परत गेली. म्हणतात, पोरगी आजारी दिसते, डोळे खोल गेलेत. पोटाची चरबी काढून डोळ्यांखाली भरतात म्हणे. करून घेतले तर गुनाह होईल का?" निकाहसाठी जमवलेल्या पैशांतून हा खर्च करायचे घरात जवळजवळ ठरले होते. मुलीचे रक्त मात्र कोणीच तपासले नव्हते. हा प्रश्न एका घराचा नाही, म्हणून या महिन्यात त्यावरच लिहीत आहोत.

आधी हा उपचार काय आहे ते पाहू. पोट किंवा मांडीचा भाग बधिर करून बारीक नळीने थोडी चरबी ओढून घेतात. ती स्वच्छ करतात आणि डोळ्यांखालच्या खोलगट जागी, हाडाच्या जवळ, थेंबाथेंबाने सोडतात. कल्पना जुनी आहे. जर्मन सर्जन गुस्टाव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडावरची चरबी चेहऱ्यावरचा खोलगट व्रण भरण्यासाठी वापरली होती. चरबी आपलीच असल्याने शरीर तिला परकी मानत नाही, हा तिचा गुण. पण नव्या जागी तिला रक्तपुरवठा मिळाला तरच ती जगते. काही भाग विरघळून जातो, आणि किती उरेल हे आधी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून कधी कधी दुसऱ्यांदा भरावी लागते. सूज आणि काळेनिळे डाग दोन-तीन आठवडे राहू शकतात.

डोळ्यांखालची त्वचा फार पातळ असते. चरबी जास्त झाली किंवा वरवर बसली तर गाठी दिसतात. बाजारात मिळणारे काही फिलर औषध टोचून विरघळवता येतात, चरबी तशी विरघळवता येत नाही. पुढे बाळंतपणात किंवा इतर कारणाने वजन वाढले तर ती जागाही फुगू शकते. क्वचित घडणारा पण भयंकर धोका म्हणजे चरबी रक्तवाहिनीत शिरून डोळ्याचा रक्तपुरवठा बंद होणे. अशी गेलेली नजर सहसा परत येत नाही. हा धोका जाहिरातीत लिहिलेला नसतो.

मुळात प्रत्येक काळे वर्तुळ म्हणजे खड्डा नव्हे. आरशासमोर उभे राहून चेहऱ्यावर समोरून उजेड पाडा. सावली नाहीशी झाली तर तो खोलगटपणा, आणि रंग तसाच राहिला तर तो त्वचेचा काळेपणा. काळेपणा चरबी भरून जात नाही. काहींना खोलगट डोळे आईवडिलांकडूनच मिळतात, काहींना वयाने किंवा एकदम वजन घटल्याने येतात. अपुरी झोप, धूळ-पेंढ्याच्या ॲलर्जीने सतत डोळे चोळणे यानेही चेहरा थकलेला दिसतो. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे असते, तेव्हा सुरमा घेतानाही जपून.

सर्वांत दुर्लक्षित कारण रक्ताची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया ॲनिमियाच्या निघाल्या. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला उपचार हवा. ही तपासणी पालिकेच्या दवाखान्यात होते. ज्या घरात मुलगी सर्वांना वाढून शेवटी जेवते, त्या घराने तिच्या डोळ्यांखालचा खड्डा बघण्याआधी तिचे ताट बघावे.

आता गुनाहचा प्रश्न. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, ते सडू लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे बसवण्यास सांगितले, असे हदीसच्या ग्रंथांत आहे. पुरुषांना एरवी सोने वर्ज्य, तरी इथे मुभा मिळाली. म्हणून अपघात, भाजणे, जन्मजात व्यंग यांवरचे उपचार उलमा जायज मानतात. केवळ निरोगी रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मात्र बहुतेक उलमा नाकारतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे हाच फरक केला. तुमच्या मुलीचे प्रकरण नेमके कशात बसते, ते डॉक्टरांचा कागद हातात घेऊन मुफ्तीसाहेबांना विचारावे.

गंमत म्हणजे आपल्या देशाचा कर-कायदाही असाच फरक करतो. जन्मजात दोष किंवा इजा दुरुस्त करणाऱ्या प्लास्टिक सर्जरीला जीएसटी नाही, निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर आहे. ही दुरुस्तीची विद्या आपल्याच मातीतली. युद्धकैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले, आणि १७९४ मध्ये ती हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली. गेलेले परत देणे ही त्या विद्येची शान होती.

सल्ला घेऊनही कोणी हा उपचार करायचे ठरवले, तर ब्यूटी पार्लरमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत मुळीच नको. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतले एम.सी.एच. आहेत का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये त्यांची नोंद आहे का, हे पाहा. नजरेचा धोका, दुसऱ्या वेळचा खर्च, काही बिघडल्यास काय करणार, हे तोंडावर विचारा. उत्तर टाळले तर उठून या. आणि कर्ज काढून तर नकोच.

शेवटी मुलांच्या आयांना एक विनंती. स्थळ पाहायला जाता तेव्हा मुलीचे शिक्षण, स्वभाव, दीन विचारा. तिच्या चेहऱ्याची मोजमापे घेऊन परत फिरू नका. तुमच्या एका वाक्यामुळे एखाद्या घरातली लेक आपली नजर पणाला लावायला तयार होते. तुमच्याही घरात लेकी आहेत. अल्लाह त्यांना तंदुरुस्ती देवो आणि आपल्या जिभेला सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.