औषध देणाऱ्याची निवड नुसत्या पर्सेंटाइलवर नको

महाराष्ट्रात बी.फार्म.साठी बारावीचे गुण आता पात्रतेपुरतेच उरलेत. पीसीबी किंवा पीसीएममध्ये ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०, एवढे पडले की गुणपत्रिका बाजूला पडते. पुढचा क्रम मुख्यतः एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो, तोही दशांशाच्या सात स्थळांपर्यंत. डी.फार्म.ला मात्र सीईटी नाहीच, तिथे फक्त बारावी. शेवटी दोघांचीही नावं राज्य फार्मसी कौन्सिलच्या एकाच नोंदवहीत जातात आणि दोघंही माझ्यासारखीच्या काउंटरमागे उभे राहतात. दोन्ही गुण एकत्र बघावेत असं कुणाला का वाटत नाही?

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर माझं मेडिकल आहे. डिप्लोमाची मुलं ५०० तासांच्या प्रशिक्षणाला येतात, पदवीवाली नोकरी मागायला. मी त्यांच्या हातात मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी देते. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावूही शकतो. एक मुलगी होती, तिने पाकीट बंद करण्याआधी गिऱ्हाईकाला विचारलं, ‘काका, वार कुठला ठरवलाय?’ मग मार्करने पाकिटावर ‘फक्त रविवारी’ असं ठळक लिहिलं आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मला अशी माणसं हवीत. सीईटीत जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, भौतिक-रसायनचे आणखी १०० तेवढ्याच वेळात. वेग आणि पाठांतर तिथे नक्की कळतं. ही सावधगिरी कळत नाही.

ती बारावीत कळते असंही सरसकट म्हणता येणार नाही, पण रसायनशास्त्राच्या १०० गुणांत ३० प्रॅक्टिकलचे असतात. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा, फ्लास्क हलवत राहायचं आणि फिकट गुलाबी छटा टिकली की तिथेच हात थांबवायचा. फार्मसीच्या पहिल्या वर्षी पुन्हा हेच करावं लागतं. क्रम लावताना याला किंमत शून्य, म्हणून ठाण्यापासून कल्याणपर्यंत ‘इंटिग्रेटेड’ची चलती आहे: नाव कॉलेजात, दिवस क्लासमध्ये, जर्नल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. आईवडिलांना दोष देऊन काय उपयोग? सरकार ज्याला गुण देतं, त्याच्याच मागे ते धावणार.

बारावीचे गुण धरायला हवेत, हे सरकारलाही पटलं होतं. बारावी आणि सीईटीला निम्मं-निम्मं वजन देऊ, असं २०२२ मध्ये तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंत यांनी जाहीर केलं. ते अमलात आलंच नाही. बोर्डं वेगवेगळी, गुण सारखे कसे धरणार, ही अडचण खरी आहे. जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के वजन होतं, प्रत्येक बोर्डाचे गुण पर्सेंटाइलने सारखे करून. त्यात कटकटी झाल्या आणि ते सोडून दिलं. पण सीईटीच्या वेगवेगळ्या सत्रांचे गुण आपण आज पर्सेंटाइलनेच सारखे करतो ना? मग बोर्डांचे का नाही?

मला याहून जास्त काळजी यादीच्या तळाची वाटते. माटुंग्याच्या आयसीटीत किंवा कलिन्याच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीत दशांशासाठी चुरस असते, आणि दुसरीकडे अनेक कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात. पाच वर्षं नवी कॉलेजं नकोत, असं फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये ठरवलं होतं. नुसत्या आदेशाने अशी बंदी घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आणि कॉलेजं भराभर वाढली. रिकाम्या जागेवर बसायला सीईटीत शून्य नसलं की पुरतं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चुकीला गुण वजा नाहीत. डोळे मिटून टिचक्या मारल्या तरी चौथा हिस्सा गुण मिळतील! याला अट म्हणायचं?

सीईटी सेलने आणि मंत्रालयाने दोन गोष्टी कराव्यात. बारावीला, प्रॅक्टिकलसकट, निम्मं वजन द्यावं, आणि प्रॅक्टिकल बाहेरच्या परीक्षकासमोर खरोखर व्हावं. शिवाय किमान पर्सेंटाइल ठरवावा. त्यापायी जागा रिकाम्या राहिल्या तर राहू द्याव्यात. पालकांनो, तोवर ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा बघून या आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, प्रॅक्टिकल होतात का.