सव्वीस अंकांचा ताळा

१८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०

वाचतानाच धाप लागावी अशी ही संख्या! एकं, दहं, शतं करीत निघालो, तर आपल्या जुन्या मोजणीतले शेवटचे स्थान 'परार्ध' अठराव्या अंकावरच संपते. येथे अंक आहेत सव्वीस. म्हणजे ही संख्या १८ कोटी ९४ लाख ७६ हजार ६८१ परार्धांहूनही थोडी मोठी!

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात बंगळूरच्या शकुंतलादेवींनी ती तोंडी सांगितली. कॉलेजच्या संगणक विभागाने त्यांना दोन संख्या दिल्या होत्या : ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९. त्यांचा गुणाकार करून उत्तर सांगायला त्यांना लागले अवघे २८ सेकंद. सर्कशीत काम करणाऱ्या वडिलांच्या या मुलीला शाळेचे रीतसर शिक्षणही मिळाले नव्हते. या विक्रमाची नोंद पुढे गिनीज बुकात झाली.

पण उत्तर बरोबर कशावरून? गुणाकार न मांडताही ते तपासता येते. आजोबांच्या पिढीचा 'नवाचा ताळा' आठवा. संख्येतील अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करायची. पहिल्या संख्येची बेरीज ७८, मग १५, मग ६. दुसरीची ७४, मग ११, मग २. सहा दुणे बारा, म्हणजे ३. आता उत्तरातले अंक मिळवा : १३८, मग १२, मग ३. ताळा जुळला!

नवाचा ताळा एका ठिकाणी मात्र फसतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तरी बेरीज तीच येते. ही चूक अकराची कसोटी पकडते. दुसऱ्या संख्येतील एकाआड एक अंक मिळवा : ३७. राहिलेले मिळवा : पुन्हा ३७! दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून या संख्येला ११ ने निःशेष भाग जातो. मग तिच्या गुणाकारालाही गेलाच पाहिजे. उत्तरातील एकाआड एक अंकांची बेरीज ६९ आणि उरलेल्यांचीही ६९!

शेवटी शून्य, म्हणून १० ने भाग जातो. अंकांची बेरीज १३८, म्हणून ३ ने जातो, पण ९ ने नाही. तेव्हा एवढ्या अवाढव्य संख्येला ३३० ने निःशेष भाग जातो, हे भागाकार न करताच कळते.

ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असे मात्र नव्हे. पण चुकला, तर उत्तर नक्कीच चूक.

२१ एप्रिल २०१३ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी शकुंतलादेवींचे बंगळूरमध्ये निधन झाले. आकड्यांची गोडी लागावी म्हणून त्यांनी पुस्तकेही लिहिली. २८ सेकंदांची ती किमया त्यांची एकटीची. पण ताळा करायला कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे पुरतात. मुलांच्या वहीतला पुढचा मोठा गुणाकार असाच तपासून पाहा.