फॉरमॅट मारण्याआधी

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच रामबाण औषध आहे – "फॉरमॅट मारा". कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट. प्रिंटर ऐकत नाही? फॉरमॅट. कमांड प्रॉम्प्ट उघडत नाही? मग तर काय, फॉरमॅटच! माझं मत सरळ आहे: हे औषध सगळ्यात शेवटी द्यायचं असतं आणि आपण ते सगळ्यात आधी देतो. त्यात फाइली जातात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट जाते, ती म्हणजे पुरावा.

आता पुण्यात किंवा बंगळुरात बसून हे पटकन पटायचं नाही. आपल्या ऑफिसात लॅपटॉप बिघडला की सपोर्टवाला तो पुसून नव्याने सेट करून देतो, आणि त्याचं बरोबरच असतं. कोड सर्व्हरवर, मेल सर्व्हरवर, कागदपत्रं क्लाउडवर. लॅपटॉप म्हणजे नुसतं भांडं. शिवाय काय घुसलं होतं, हे बघायला सिक्युरिटीवाली वेगळी माणसं असतात.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरचं असं नसतं. तिथे डेस्कटॉपवर अख्खं गाव नांदत असतं. कुणाचा सातबारा, कुणाचं आधार, कुणाच्या पासबुकाचं पहिलं पान. बॅकअप म्हणाल तर ड्रॉवरमधला एक पेन ड्राइव्ह, तोही मागच्या दिवाळीचा. आणि सिक्युरिटीवाला? तालुक्याच्या गावातला रिपेअरिंगवाला, तोच सगळं.

२०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा आणला (२०२५ मध्ये ती सवलत गेली). त्या जुलैत सेवा केंद्रांवर काय गर्दी होती ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. माझ्या मावसभावाचं असंच केंद्र आहे, केज तालुक्यात. मुदत संपायला चार दिवस राहिलेले आणि त्याच्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडेना. मोबाइलवर मात्र सगळं व्यवस्थित. मी फोनवरून म्हटलं, कमांड प्रॉम्प्ट उघड, नेटवर्क तपासू. तर तो म्हणाला, "दादा, ते काळं उघडायलंय अन् लगेच बंद व्हायलंय. दुकानवाला म्हणायलाय, फॉरमॅट मारावं लागन."

म्हटलं, थांब.

कमांड प्रॉम्प्ट म्हणजे काही जादू नाही. सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरमध्ये सीएमडी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो चालला की काळी खिडकी दिसते. ती न उघडण्याची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि गंमत म्हणजे ती *कशी* उघडत नाही यावरूनच अर्धं निदान होतं.

"ॲडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलं आहे" असा निरोप आला, तर पॉलिसीतून कुणीतरी मुद्दाम कुलूप लावलंय. ऑफिसच्या मशिनवर ते नेहमीचंच. घरच्या मशिनवर ॲडमिनिस्ट्रेटर तुम्ही स्वतः असता, मग लावलं कुणी? विंडोजला सीएमडी सापडतच नाही म्हणाली, तर थेट सिस्टिम३२ मध्ये जाऊन ती फाइल चालवून बघायची. तिथून चालली तर दोष पाथ सेटिंगचा. विंडोज ११ वर खिडकी दिसतच नसेल, तर नवं टर्मिनल ॲप बिघडलेलं असू शकतं. रनमध्ये "कॉनहोस्ट सीएमडी" टाइप केलं की जुनी खिडकी उघडते. नवीन युजर अकाउंट बनवून तिथे चाललं, तर विंडोज धडधाकट आहे, बिघाड तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे. आणि सिस्टिमची फाइलच खराब झाली असेल (अपडेट चालू असताना लाइट गेली की हे होतं, आणि बीडमध्ये लाइटचं काय सांगावं!), तर "एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ" आहे. तो स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, ॲडमिन म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमधूनही चालतो. म्हणजे कमांड प्रॉम्प्ट दुरुस्त करायला कमांड प्रॉम्प्टच लागतो असं नाही.

भावाची तक्रार यातली कुठलीच नव्हती. खिडकी उघडत होती आणि मिटत होती. म्हणजे प्रोग्रॅम चालतोय, पण चालल्या चालल्या त्याला कुणीतरी "चल, नीघ" म्हणतंय. अशा वेळी रनमध्ये "सीएमडी स्लॅश डी" टाइप करायचं. रेजिस्ट्रीत कमांड प्रोसेसर नावाची एक जागा आहे, तिथे ऑटोरन नावाची नोंद असेल तर ती ओळ प्रत्येक वेळी कमांड प्रॉम्प्ट उघडताना आपोआप चालते. स्लॅश डी म्हणजे ती ओळ वगळून उघड. (आपल्यातल्या पायथनवाल्यांनी लक्षात ठेवा, कोंडाही सीएमडीसाठी इनिट करताना इथेच ओळ लिहितो.)

स्लॅश डी दिल्यावर खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. दोष कुठे आहे ते दोन मिनिटांत कळलं. ऑटोरनमध्ये एका बॅच फाइलचं नाव होतं आणि शेवटी "एक्झिट". ती फाइल डिस्कवर नव्हतीच, अँटीव्हायरसने आदल्या आठवड्यात उडवली होती. मग ब्राउझरचं प्रॉक्सी सेटिंग बघितलं, तर सगळं ट्रॅफिक त्याच मशिनवरच्या एका पोर्टकडे वळवलेलं, आणि तिथे ऐकणारं आता कुणी नाही. म्हणून एकही साइट उघडत नव्हती! पाहुणा गेला होता, पण दोन खुणा मागे ठेवून. ऑटोरनची नोंद काढली, प्रॉक्सी बंद केली. फोन ठेवेपर्यंत रांग पुढे सरकायला लागली होती.

इथेच लेख संपवता आला असता, पण खरा मुद्दा पुढे आहे. दुकानवाल्याने फॉरमॅट मारलं असतं तरी मशिन सुरू झालंच असतं. कदाचित लवकरही झालं असतं. पण मशिनमध्ये कुणीतरी बसलं होतं आणि ब्राउझरचं सगळं येणं-जाणं बघू शकत होतं, हे आम्हाला कधीच कळलं नसतं. केंद्राचं लॉगिन, बँकेचा पासवर्ड, सगळं त्याच ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं. नवीकोरी विंडोज टाकून भावाने तेच जुने पासवर्ड पुन्हा टाइप केले असते. चोराकडे किल्ली तशीच, आपण फक्त घराला रंग दिला! कारण कळलं म्हणून त्याच दिवशी मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले. विम्याची गर्दी ओसरल्यावर फाइलींचा बॅकअप घेऊन मशिन फॉरमॅटही केलं. बरोबर वाचलंत, फॉरमॅट केलं. घुसखोरी झालेल्या मशिनवर शेवटी तेच करावं. माझं भांडण फॉरमॅटशी नाही, क्रमाशी आहे.

हे आता जास्तच गरजेचं झालंय. २०२४ पासून एक नवा प्रकार जोरात आहे. एखादी साइट म्हणते, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल व्ही दाबा, एंटर मारा." कॉपी झालेली कमांड आपण स्वतःच्या हाताने चालवतो आणि चोर आत. त्यानंतर काळी खिडकी क्षणभर चमकून मिटली, तर त्याला किरकोळ बिघाड म्हणून सोडून द्यायचं नसतं.

दुकानवाल्याला मी दोष देणार नाही. दिवसाला दहा मशिनं येतात, तपासण्याचे पैसे कुणी देत नाही, फॉरमॅटचे देतात. कॉम्प्युटरच्या कोर्समध्येही वर्ड आणि एक्सेल शिकवतात, बिघाड कसा शोधायचा ते नाही. ते आपल्याला येतं. रोज ऑफिसात प्रॉडक्शनवर काही पडलं की आपण "रूट कॉज, रूट कॉज" म्हणून तासन् तास कॉलवर बसतो. आणि गावाकडून फोन आला की तेच आपण "अरे, फॉरमॅट मारून घे ना" म्हणून तीस सेकंदांत फोन ठेवतो. का? तर ते प्रॉडक्शन नाही म्हणून? चार दिवसांवर मुदत आणि दारात शेतकऱ्यांची रांग, याहून मोठं प्रॉडक्शन कुठलं?

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी असा फोन आला की तीन प्रश्न नक्की विचारा. नेमकं काय दिसतंय? आधी चालत होतं का, आणि मधे काय बदललं? नव्या युजरमध्ये चालतं का? दहा मिनिटं जातील. त्यानंतर फॉरमॅट करायचं ठरलं तर खुशाल करा.