शिक्का आहे, तपासणी नाही!

पाणी तापविण्याच्या रॉडने किंवा इस्त्रीच्या उघड्या वायरने कोणी दगावल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि ‘विजेच्या धक्क्याने मृत्यू’ एवढ्या शब्दांत प्रकरण मिटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत विजेच्या बळींचा आकडा दहा हजारांच्या वर असतो. त्यांत शेतातल्या तारांचे बळी आहेत, तसे घरातल्या वस्तूंचेही आहेत. दैवाला बोल लावून मोकळे होण्याची आपली खोड जुनी आहे. आम्हांस ती मान्य नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे नव्हे. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने इस्त्री, रॉड, वायर अशा वस्तूंवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. परंतु हा शिक्का वस्तू कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापुरता बोलतो. पुढे दहा वर्षे तीच वायर इस्त्रीच्या तापल्या तळाला चिकटते, दारात चेंगरते, उंदरांच्या दाताखाली येते आणि चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा कामाला जुंपली जाते. तिच्याकडे पाहावयास कोणी नाही!

तिसऱ्या पिनेची गोष्ट तर अधिकच विलक्षण. ही जाड पिन मुद्दाम लांब केलेली असते. अर्थिंग सर्वांआधी जोडले जावे आणि सर्वांनंतर सुटावे, हा त्यातला हेतू. वस्तूच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ती या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. आणि आपण? सुशिक्षित म्हणविणारी माणसे ती पिन मोडून टाकतात, किंवा वायरीची दोन सोललेली टोके काडीने सॉकेटात खोचतात! फ्यूज आहे ना, हे त्यांचे उत्तर. फ्यूज वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. शंभर वॅटच्या दिव्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचा चौदावा-पंधरावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३० मिलिअँपियर, माणसाच्या जिवावर बेतू शकतो; तेवढ्याने १६ अँपियरच्या फ्यूजला जागही येत नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचा निराळा स्विच लागतो, आणि तो जुन्या इमारतींत शोधूनही सापडत नाही.

तपासणी काही अवघड नाही. वायर व प्लग नीट न्याहाळणे, अर्थिंगचा रोध मोजणे, मेगरने ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरण शाबूत आहे की नाही हे पाहणे. एका वस्तूला पाच-दहा मिनिटे पुरतात. ब्रिटनमध्ये १९८९ च्या नियमांनी कामाच्या जागची विजेची साधने सुस्थितीत ठेवण्याचा भार मालकांवर टाकला. चाचणी किती महिन्यांनी करावी हे ते नियम सांगत नाहीत. तरीही तपासलेल्या वस्तूवर तारखेची चिठ्ठी डकविण्याची रीत तेथे रुळली आहे.

सरकारी माणसाने घरोघरी शिरून इस्त्र्या तपासाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. पण वसतिगृहे, शाळा, रुग्णालये, कचेऱ्या यांचे काय? महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमान्वये दर जानेवारीत व जुलैत अग्निशमन यंत्रणेचा दाखला द्यावा लागतो. त्याच कागदाला विजेच्या वस्तूंच्या चाचणीचा दाखला वर्षातून एकदा जोडावयास सरकारने का सांगू नये? आरंभ वसतिगृहांपासून व्हावा. तेथे एकाच बोर्डाला सहा चार्जर लोंबत असतात आणि सातवा असतो बादलीतला रॉड.